राज्य सरकार ‘नाही’ म्हणू शकते का? सैन्याचे विशेष अधिकार, स्थानबद्धता आणि आपले संघराज्य

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता याव्यात:

१. अटक, प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आणि सैन्याने केलेली अटक यांतला फरक.
२. या तिन्ही बाबतींत केंद्राचे अधिकार कोणते आणि राज्याचे कोणते.
३. केंद्राने दिलेले असे अधिकार एखाद्या राज्याला नको असतील, तर ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही.
४. या सगळ्यात सामान्य नागरिकाच्या हाती काय उरते.

१. हा प्रश्न कुठून आला

मी दिल्लीलगतच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत परिपथ शिकवतो. त्याबरोबर ‘भारतीय राज्यघटना’ हा श्रेयांक नसलेला अनिवार्य विषयही माझ्याकडे आहे. या तासाला बरीच मुले हजेरीपुरती बसतात, हे मला माहीत आहे. एकदा केंद्र-राज्य संबंध शिकवत होतो. नागालँडहून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमच्या विधानसभेने एकमताने ठराव केला की अफ्स्पा नको. तरी तो उठला नाही. मग विधानसभा कशासाठी?” मी उत्तर दिले, “कायदा संसदेचा आहे, राज्य तो रद्द करू शकत नाही.” त्याने लगेच विचारले, “मग त्रिपुराने कसा काढला?”

त्या दिवशी माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. ते नंतर वाचून शोधले. ही टिपणे त्याच उत्तरासाठी आहेत. प्रश्न एका राज्यापुरता नाही. तुम्ही नागपूरचे असा, कोहिमाचे किंवा नोएडाचे, तुम्हाला कोण उचलू शकतो, किती काळ ठेवू शकतो आणि त्याला कोण थांबवू शकतो, हे समजून घेणे तुमच्याही हिताचे आहे.

२. आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

*साधी अटक.* गुन्हा घडल्याचा संशय आहे म्हणून पोलीस पकडतात. अनुच्छेद २२ च्या पहिल्या दोन खंडांनुसार अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते.

*प्रतिबंधात्मक स्थानबद्धता.* येथे गुन्हा घडलेला असावा लागत नाही. पुढे काही करू नये म्हणून माणसाला आधीच डांबले जाते. अनुच्छेद २२ चा तिसरा खंड सांगतो की अशा माणसाला वरची २४ तासांची आणि वकिलाची हमी लागू नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे लागते. कारणे सांगावी लागतात, पण सार्वजनिक हिताला बाधक वाटणारी तथ्ये सरकार राखून ठेवू शकते. व्यक्तिस्वातंत्र्याला पुरेसे संरक्षण नाही अशी टीका संविधान सभेत झाली. त्यानंतर सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी हा अनुच्छेद मांडला. म्हणजे स्थानबद्धतेची परवानगी आणि तिच्यावरची बंधने एकाच अनुच्छेदात आहेत.

*सैन्याने केलेली अटक.* सशस्त्र दले (विशेष अधिकार) कायदा, १९५८, म्हणजेच अफ्स्पा, ‘अशांत क्षेत्रा’त सैन्याला विनावॉरंट अटकेचा अधिकार देतो. सैन्याला माणूस आपल्या ताब्यात डांबून ठेवण्याचा अधिकार मात्र हा कायदा देत नाही. कलम ५ नुसार पकडलेल्याला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करावे लागते. परीक्षेत आणि वर्तमानपत्रांतही या तिन्ही गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून हा फरक पक्का लक्षात ठेवा.

३. घटनेने अधिकार कसे वाटले

सातव्या अनुसूचीतील तिन्ही सूच्या समोर ठेवा.

- संघ सूची, नोंद ९: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि भारताची सुरक्षितता या कारणांसाठी प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. हा विषय फक्त संसदेचा.
- समवर्ती सूची, नोंद ३: राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था आणि अत्यावश्यक पुरवठा व सेवा यांसाठी स्थानबद्धता. येथे दोघांनाही कायदा करता येतो, पण विसंगती आली तर अनुच्छेद २५४ नुसार सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो.
- राज्य सूची, नोंदी १ आणि २: सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस. मात्र पहिल्या नोंदीतच एक अपवाद आहे. नागरी सत्तेच्या मदतीसाठी केंद्राच्या सशस्त्र दलांचा वापर या नोंदीत येत नाही.
- संघ सूची, नोंद २अ: राज्यात केंद्राची सशस्त्र दले नागरी सत्तेच्या मदतीला पाठवणे. ही नोंद मूळ घटनेत नव्हती. आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती घातली गेली.

म्हणजे कायदा व सुव्यवस्था राज्याची, पण सैन्य केंद्राचे. सैन्य राज्यात सुव्यवस्थेसाठी उतरले की दोन्ही अधिकार एकाच रस्त्यावर येतात, आणि वाद तिथेच सुरू होतो.

४. अफ्स्पा: थोडा इतिहास, थोडी कलमे

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’ ठराव झाला. त्याच आठवड्यात, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारने सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा अध्यादेश काढला. स्वतंत्र भारताने १९५८ मध्ये नागा बंडखोरीला तोंड देण्यासाठी केलेला कायदा याच साच्यातला होता. मे १९५८ मध्ये अध्यादेश आला आणि सप्टेंबरमध्ये कायदा झाला. तेव्हा तो आसाम आणि मणिपूरपुरता होता. मणिपूरचे खासदार लैश्राम अचौ सिंह यांनी लोकसभेत त्याला कडाडून विरोध केला होता. जम्मू-काश्मीरसाठी १९९० मध्ये असाच वेगळा कायदा झाला.

मुख्य कलमे अशी:

- कलम ३: एखादे क्षेत्र ‘अशांत’ आहे असे जाहीर करण्याचा अधिकार.
- कलम ४: जमावबंदी किंवा शस्त्रबंदी मोडणाऱ्यावर इशारा देऊन, प्रसंगी मृत्यू ओढवेल इतका, बळाचा वापर, विनावॉरंट अटक, विनावॉरंट झडती. अटकेसाठी गुन्हा घडलेला असावाच असे नाही. माणूस दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात आहे असा वाजवी संशयही पुरतो.
- कलम ५: पकडलेल्याला पोलिसांच्या हवाली करणे.
- कलम ६: या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय खटला चालवता येत नाही.

आता महत्त्वाचा बदल. १९५८ मध्ये कलम ३ खालची घोषणा राज्यपाल करीत, म्हणजे व्यवहारात ते राज्याच्या हाती होते. १९७२ च्या दुरुस्तीने हाच अधिकार केंद्र सरकारलाही दिला. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या दुरुस्तीत आहे.

५. दोन बटणांचा परिपथ

तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल, तर हे आकृती काढून समजून घ्या. नसाल तरी हरकत नाही, घरातला दिवा डोळ्यांसमोर आणा.

एका दिव्याला दोन बटणे *समांतर* जोडली आहेत. एक राज्याचे, एक केंद्राचे. दोन्हींपैकी कोणतेही एक दाबले की दिवा लागतो. विझवायचा असेल, तर मात्र दोन्ही बटणे बंद असावी लागतात. १९७२ नंतरचा अफ्स्पा असा आहे. घोषणा राज्यपालांनी केलेली असेल आणि केंद्राने वेगळी घोषणा केलेली नसेल, तर राज्य आपले बटण बंद करून दिवा विझवू शकते. घोषणा केंद्राने केलेली असेल, तर राज्याने आपले बटण कितीही वेळा बंद केले तरी दिवा पेटताच राहतो.

आता दुसरा परिपथ पाहा. यात दोन बटणे *एकसर* जोडली आहेत. दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे सीबीआय, दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा, १९४६ खाली काम करतो. त्याच्या कलम ६ नुसार राज्यात तपास करायला त्या राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये ही सर्वसाधारण संमती काढून घेतली होती आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ती पुन्हा दिली. पश्चिम बंगालने २०१८ मध्ये ती काढली आणि पुढे अनुच्छेद १३१ खाली केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा केला. तो दावा ऐकण्याजोगा आहे, असे न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ठरवले.

राज्याच्या ‘नाही’ला किंमत आहे की नाही, हे विधानसभेत किती मते पडली यावर ठरत नाही. संसदेने त्या विशिष्ट कायद्यात बटणे कशी जोडली आहेत, यावर ठरते. म्हणून अशा वादाची बातमी वाचताना आधी कलम शोधा.

६. राज्यांनी प्रत्यक्षात काय केले

*मणिपूर, २००४.* जुलै २००४ मध्ये आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या थांगजम मनोरमा यांचा मृतदेह सापडला आणि इंफाळमध्ये मोठे आंदोलन पेटले. ऑगस्टमध्ये ओक्राम इबोबी सिंह यांच्या सरकारने इंफाळ नगरपालिका क्षेत्रातून ‘अशांत’ ही घोषणा मागे घेतली. केंद्राची त्याला फारशी अनुकूलता नव्हती. पण मूळ घोषणा राज्याची होती, म्हणून ती मागे घेणे राज्याच्या हातात होते. त्यानंतर केंद्राने न्यायमूर्ती जीवन रेड्डी समिती नेमली. २००५ मध्ये तिने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. इरोम शर्मिला यांचे २००० मध्ये सुरू झालेले उपोषण २०१६ पर्यंत चालले.

*त्रिपुरा, २०१५.* येथे कायदा १९९७ पासून लागू होता. बंडखोरी ओसरत गेली तशी राज्याने ठाण्यामागून ठाणे कमी केले आणि मे २०१५ मध्ये माणिक सरकार यांच्या मंत्रिमंडळाने तो संपूर्ण राज्यातून उठवण्याचा निर्णय घेतला. माझ्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच. त्रिपुराने कायदा रद्द केला नाही, घोषणा मागे घेतली. ते बटण त्रिपुराचेच होते.

*नागालँड, २०२१.* ४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यातील ओटिंग येथे कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर सैन्याच्या तुकडीने गोळीबार केला. तो आणि त्यानंतरचा प्रक्षोभ मिळून १४ नागरिकांचा जीव गेला. २० डिसेंबरला विधानसभेने एकमताने अफ्स्पा रद्द करण्याची मागणी केली. पण नागालँडमधली घोषणा केंद्रीय गृह मंत्रालय करते. त्यामुळे ठरावाने दिवा विझला नाही. तो निष्फळ गेला असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्राने समिती नेमली आणि १ एप्रिल २०२२ पासून नागालँडच्या सात जिल्ह्यांतील १५ ठाण्यांच्या हद्दीतून घोषणा काढली. आसाम आणि मणिपूरमधील क्षेत्रही कमी केले.

आता याच घटनेत कलम ६ कसे चालले ते पाहा. राज्य पोलिसांनी तपास करून ३० सैनिकांवर आरोपपत्र दाखल केले. २०२३ मध्ये केंद्राने खटल्याची मंजुरी नाकारली. राज्य सरकार या नकाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसरीकडे, सैनिकांच्या पत्नींच्या याचिकांवर न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये फौजदारी कारवाई बंद केली, आणि पुढे मंजुरी मिळाल्यास ती चालवता येईल असे सांगितले. म्हणजे तपासाचे बटण राज्याकडे, खटल्याचे केंद्राकडे, आणि दोन्ही एकसर जोडलेली.

*मणिपूर, २०२४.* हिंसाचार वाढल्यावर केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये जिरीबामसह सहा ठाण्यांच्या हद्दीत पुन्हा अफ्स्पा लावला. राज्य मंत्रिमंडळाने काही दिवसांतच केंद्राला फेरविचाराची विनंती केली. त्या वेळी केंद्रात आणि राज्यात एकाच पक्षाचे सरकार होते, हेही नोंदवा. हा प्रश्न केवळ पक्षीय भांडणाचा नाही.

७. न्यायालयाने आखलेल्या मर्यादा

नागा पीपल्स मूव्हमेंट ऑफ ह्यूमन राइट्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २७ नोव्हेंबर १९९७ रोजी अफ्स्पा वैध ठरवला. पण काही अटी स्पष्ट केल्या:

- सैन्य नागरी सत्तेच्या *मदतीला* येते, तिची जागा घेत नाही.
- घोषणेचा दर सहा महिन्यांनी आढावा घेतला पाहिजे.
- केंद्र स्वतःहून घोषणा करू शकते, तरी त्याआधी राज्याशी विचारविनिमय करणे इष्ट आहे.
- पकडलेल्याला पोलिसांच्या हवाली करताना २४ तासांच्या घटनात्मक मर्यादेचे भान ठेवले पाहिजे.
- सैन्याने स्वतः घातलेले ‘काय करावे, काय करू नये’ हे नियम बंधनकारक आहेत.

तिसऱ्या अटीतला ‘इष्ट’ हा शब्द पाहा. राज्याचे मत विचारावे, पण मानलेच पाहिजे असे नाही.

पुढे मणिपूरमधील १,५२८ कथित बनावट चकमकींच्या याचिकेवर न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या पीठाने ८ जुलै २०१६ रोजी सांगितले की अशांत क्षेत्रातही सैन्याला संपूर्ण संरक्षण नाही आणि अवाजवी बळाच्या आरोपांची चौकशी व्हायला हवी.

८. आणीबाणी: राज्ये आणि न्यायालये दोन्ही कसोटीला लागली

सैन्याचा भाग बाजूला ठेवून आता शुद्ध स्थानबद्धतेकडे वळू. आणीबाणी २५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झाली. १९७१ चा मिसा कायदा आधीच होता; २९ जूनच्या अध्यादेशाने कारणे न सांगताही डांबून ठेवण्याची सोय त्यात झाली. मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसे स्थानबद्ध झाली.

मिसाचे आदेश राज्य सरकारे आणि जिल्हा दंडाधिकारीही काढत. त्यामुळे राज्यात कोणाचे सरकार आहे याने फरक पडत होता. तमिळनाडूतील द्रमुकने आणीबाणीविरुद्ध ठराव केला. गुजरातमध्ये बाबूभाई पटेल यांचे जनता मोर्चाचे सरकार होते. इतर राज्यांतून निसटलेले अनेक कार्यकर्ते या दोन राज्यांत आश्रयाला गेले. हे फार काळ टिकले नाही. तमिळनाडूचे सरकार ३१ जानेवारी १९७६ रोजी अनुच्छेद ३५६ खाली बरखास्त झाले आणि गुजरातचे सरकार त्याच वर्षी मार्चमध्ये गेले.

दिल्लीत तर मध्ये राज्यच नव्हते. पोलीस थेट केंद्राचे. २५ सप्टेंबर १९७५ रोजी जेएनयूच्या आवारातून पोलिसांनी एका विद्यार्थ्याला गाडीत घातले. त्यांना हवा होता विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष. हाती लागला दुसराच. चूक दुरुस्त करण्याऐवजी त्याच्यावर मिसा लावला गेला, आणि दंडाधिकाऱ्याची सही झाली ती त्याला उचलल्यानंतर. तो सुमारे वर्षभर तुरुंगात राहिला. तो संगणकशास्त्र शिकत होता. शाह आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. त्या आयोगाचे कामकाज दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये चालत असे.

उच्च न्यायालयांपैकी नऊ न्यायालयांनी म्हटले की आणीबाणीतही बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका ऐकता येते. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने उलट निकाल दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोध नोंदवला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयतेच्या निकालात एडीएम जबलपूर रद्दबातल ठरवणारे मत लिहिले ते त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने धडा घेतला. आता आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ निलंबित करता येत नाहीत. सल्लागार मंडळाविना ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारा याच दुरुस्तीचा भाग मात्र कधीच अमलात आणला गेला नाही.

९. अमेरिकेशी तुलना

३१ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेत २०१२ चा राष्ट्रीय संरक्षण अधिकार कायदा झाला. त्याच्या कलम १०२१ मुळे दहशतवादाच्या संशयावरून माणसाला खटल्याविना सैन्याच्या ताब्यात ठेवता येईल, अशी भीती तिथे व्यक्त झाली. २०१२ मध्ये व्हर्जिनिया राज्याने कायदा केला: आमच्या नागरिकांना अशा रीतीने बेकायदा डांबण्यात आमचे अधिकारी मदत करणार नाहीत. व्हर्जिनियाने केंद्राचा कायदा रद्द केला नाही, फक्त आपले हात काढून घेतले.

हे शक्य झाले, कारण १९९७ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रिंट्झ खटल्यात सांगितले होते की केंद्र सरकार राज्याच्या अधिकाऱ्यांना केंद्रीय कायदा राबवायला भाग पाडू शकत नाही. भारतात हा मार्ग बंद आहे. अनुच्छेद २५६ नुसार संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशा रीतीनेच राज्याने आपली सत्ता वापरायची आहे, आणि केंद्राचे निर्देश न पाळल्यास अनुच्छेद ३६५ राष्ट्रपती राजवटीकडे नेऊ शकतो. आपले संघराज्य केंद्राकडे झुकलेले आहे, असे म्हणतात त्याचा हा एक अर्थ.

१०. राज्य म्हणजे स्वातंत्र्याचा रखवालदार असे समजू नका

येथपर्यंत वाचून राज्ये चांगली आणि केंद्र वाईट असे वाटले असेल, तर ते दुरुस्त करून घ्या. राज्यांचे स्वतःचे स्थानबद्धतेचे कायदे आहेत. महाराष्ट्राचा १९८१ चा एमपीडीए हे त्याचे उदाहरण. राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८०, म्हणजे रासुका, केंद्राचा असला तरी त्याखालचे बरेच आदेश राज्यांतील जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त काढतात. अधिकाऱ्याच्या आदेशाला १२ दिवसांत राज्य सरकारची मान्यता लागते, आणि माणसाला १२ महिन्यांपर्यंत ठेवता येते. कलम १४ नुसार राज्याचा आदेश केंद्र रद्द करू शकते, केंद्राचा आदेश राज्य करू शकत नाही. म्हणजे येथे विझवण्याचे बटण वरच्या बाजूला आहे, आणि प्रसंगी ते नागरिकाच्या बाजूने केंद्रालाही दाबता येते.

दिल्ली परिसरात हा फरक रोज तुमच्या पायाखालून जातो. मेट्रोच्या निळ्या मार्गावर न्यू अशोक नगर हे दिल्लीतले शेवटचे स्थानक. पुढचे नोएडा सेक्टर १५. दिल्लीत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय अनुच्छेद २३९अअ नुसार निवडून आलेल्या सरकारकडे नाहीत. रासुकाचा अधिकार पोलीस आयुक्तांना नायब राज्यपालांच्या आदेशाने मिळतो. एक स्थानक पुढे गेलात की हाच अधिकार लखनौच्या सरकारच्या हाताखाली. तुम्ही तेच, कायदा तोच, पण तुमच्या बाजूने कोणाला दाद मागायची ते बदलते.

११. मग नागरिकाच्या हाती काय उरते

राज्य तुमच्या बाजूने उभे राहिले तरी आणि न राहिले तरी, हे अधिकार तुमचे आहेत:

- अनुच्छेद ३२ आणि २२६ खाली बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका. ती डांबलेल्या माणसाच्या वतीने नातेवाईक किंवा मित्रही करू शकतो.
- स्थानबद्धतेची कारणे मिळण्याचा आणि त्याविरुद्ध लवकरात लवकर निवेदन देण्याचा अधिकार. रासुकाखाली कारणे साधारणपणे पाच दिवसांत द्यावी लागतात. निवेदनावर विनाकारण विलंब झाला, किंवा माणसाला न समजणाऱ्या भाषेत कारणे दिली, तर न्यायालये आदेश रद्द करत आली आहेत.
- सैन्याने पकडले असेल, तर २४ तासांची मर्यादा आणि पोलिसांच्या हवाली होण्याचा अधिकार.

भाषेचा मुद्दा पुन्हा वाचा. आपण ही टिपणे मराठीत का वाचतो, याचेही ते एक कारण आहे. ज्या भाषेत तुम्ही विचार करता, त्या भाषेत तुमच्या अटकेचे कारण कळणे हा हक्काचा भाग आहे.

तो विद्यार्थी आता पदवी घेऊन गेला. जाण्याआधी मी त्याला दोन बटणांची आकृती फळ्यावर काढून दाखवली होती. त्याने ती वहीत उतरवली आणि म्हणाला, “म्हणजे ठराव करायचा तो बटण आपल्याकडे देण्यासाठी करायला हवा.” म्हणजे कलम ३ मधील केंद्राच्या घोषणेला राज्याची संमती लागेल, अशी दुरुस्ती मागायला हवी. मला हे सुचले नव्हते. खालचा पाचवा प्रश्न त्याच्या त्या वाक्यावरून घेतला आहे.

स्वाध्याय

१. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आणि अफ्स्पाखालील अटक यांतील तीन फरक लिहा.
२. त्रिपुरा (२०१५) आणि नागालँड (२०२१) यांच्या परिणामांतील फरक कलम ३ च्या आधारे स्पष्ट करा.
३. अफ्स्पाचे कलम ३ आणि सीबीआयसाठीची संमती यांच्या आकृत्या समांतर आणि एकसर परिपथ म्हणून काढा. कलम ६ कोणत्या प्रकारात बसते?
४. अनुच्छेद २५६ भारतात नसता, तर व्हर्जिनियासारखा कायदा आपल्या राज्यांना करता आला असता का? तुमचे मत कारणांसह लिहा.
५. केंद्राच्या घोषणेला राज्याची संमती अनिवार्य केली, तर कोणते धोके कमी होतील आणि कोणते वाढतील? राज्य सरकारच हिंसाचारात पक्षपाती असेल अशी परिस्थितीही विचारात घ्या.